सतरा नंबरचं बोट

चारच्या आकड्यावर त्याचं बोट सात सेकंद टेकलेलं होतं.

तिने ते मुद्दाम मोजलं नाही. मोजणं तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की जिना चढतानाही पायऱ्यांचा हिशेब मनात आपोआप चालू असायचा. काचेखालचा हिरवा दिवा लागायला पाव सेकंद पुरतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाव सेकंद गेला, एक गेला, तीन गेले. बोटाचं नख नीट कापलेलं होतं, पेराच्या कडेला पांढुरक्या धुळीची बारीक रेघ होती, आणि बोट काचेवर दाबलेलं नव्हतंच… नुसतं ठेवलेलं होतं. झोपलेल्या माणसाच्या कपाळावर ताप बघायला हात ठेवावा, तसं. सात सेकंदांनी त्याने ते झटकन उचललं. दिवा काही लागला नाही.

"तुम्हीच दाबा," तो बाजूला सरकत म्हणाला. "या लिफ्टला मी माणूस वाटत नाही."

तिने चार दाबला, मग स्वतःचा सहा. दोन्ही दिवे पटकन लागले.

"बघा! ओळखीचं माणूस दिसल्यावर कशी खुलली."

"रोज असं होतं?"

"रोज. कुणी येईपर्यंत उभा राहतो. कुणी आलं नाही तर जिना. तब्येत सुधारलीय, तक्रार नाही माझी."

तिचे कान गरम झाले. सात मजल्यांच्या त्या इमारतीत लहानलहान कचेऱ्या होत्या. सहाव्या मजल्यावरच्या एका कचेरीत ती स्पर्शाने चालणारी पॅनेलं बनवायची, आणि लिफ्टमधलं हे पॅनेल चाचणीसाठी म्हणून दोन महिन्यांपूर्वी तिनेच बसवलेलं होतं. दोन महिन्यांत एकाही माणसाची तक्रार आलेली नव्हती. आली नव्हती, कारण तक्रारदार जिन्याने जात होता.

"काचेमागचं सर्किट माझं आहे," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग पॅनेलकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "मग माझ्याबद्दल काही सांगून ठेवलंयत का त्याला?"

"तुमची बोटं फार कोरडी आहेत."

"पहिल्याच भेटीत?"

तिला हसू आलं, पण ते तिने आवरलं. मुद्दा गंभीर होता. चौथा मजला आला. तो बाहेर पडला तेव्हा तिने घाईघाईने सांगून टाकलं, "बुधवारी चार वाजता सहाव्या मजल्यावर याल का? तुमच्या बोटाची धारकता मोजायचीय."

"कसली?" त्याने विचारलं, आणि दार मिटलं.

बुधवारी चारला दोन मिनिटं कमी असताना तो आला. जिन्याने आल्यामुळे धापा टाकत होता.

"धारकता," तो म्हणाला. "शब्दकोशात पाहून आलो. धरून ठेवण्याची क्षमता. ती माझ्यात आहे का, हे तपासायला आजवर कुणी बोलावलं नव्हतं."

पलीकडच्या टेबलावरून बाई खळखळून हसल्या. बाई म्हणजे कचेरीच्या मालकीणबाई. कॉलेजात त्यांनी तिला शिकवलं होतं, आणि तेव्हापासून त्या बाईच राहिल्या होत्या. हसणं झाल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहून भुवई उंचावली. तिने ती भुवई पाहिलीच नाही असं दाखवलं आणि वही उघडली.

तिच्या वहीत आतापर्यंत सोळा माणसांच्या बोटांची नोंद होती. नावं नसायची, फक्त क्रमांक. बाई एक, पहारेकरी दोन, चष्म्याच्या दुकानातली मुलगी तीन, अशी ती यादी. त्याच्यासाठी तिने नवी ओळ आखली आणि लिहिलं, सतरा.

"बसा. काचेवर बोट ठेवा. आणि प्लीज, हलवू नका."

"हे आत काय चाललंय ते कळेल का मला? की गुप्ततेची शपथ घेतलीय?"

तिला समजावून सांगायला आवडायचं. विचारणारं कुणी भेटत नसे. "काचेखाली तांब्याची एक चकती आहे. तिच्यात थोडा विद्युतभार भरायचा आणि तो शेजारच्या मोठ्या साठ्यात ओतायचा. पुन्हा भरायचा, पुन्हा ओतायचा. वाटीने हौद भरावा तसं. हौद भरायला किती खेपा लागल्या, ते मोजायचं. कुणी नसलं तर साधारण बाराशे चाळीस खेपा लागतात."

"आणि कुणी असलं तर?"

"बोट जवळ आलं की चकती जरा जास्त भार धरते. वाटी मोठी होते म्हणा. मग साठेक खेपा कमी लागतात. तेवढ्या फरकावरून ओळखायचं, की कुणीतरी आलंय."

"म्हणजे माणूस जवळ आला की वाटी मोठी होते," तो शांतपणे म्हणाला. "किती छान आहे हे! तुम्ही रोज हे करता?"

आपण रोज हे करतो, आणि ते छान आहे, हे तिला आठ वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं. ती खाली वहीत पाहू लागली.

तीस खेपांच्या वर फरक गेला, तोही सलग चार वेळा, की सर्किट स्पर्श झाला असं मानायचं. एकदोनदा वर गेला तर नाही. योगायोग असू शकतो. हा नियमही तिचाच. सतरा नंबरचा फरक सहा आला. पुन्हा ठेवायला लावलं तर सात आला. तिसऱ्यांदा पाच.

"नापास?" त्याने विचारलं.

"पुढच्या बुधवारी परत या."

त्याला टाळणं तिला शक्यच नव्हतं, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही होतं. तीन महिन्यांनी हेच पॅनेल एका मोठ्या रुग्णालयातल्या खाटांना लागणार होतं: बोट टेकवलं की परिचारिकेच्या टेबलावर घंटा वाजणार. अशा जागी शंभरातल्या एका माणसाचं बोटही ओळखू आलं नाही, तर ते पॅनेल द्यायचं कसं? सतरा नंबर का कळत नाही, हे शोधणं भागच होतं.

तर असे ते बुधवार सुरू झाले.

चौथ्या मजल्यावर तो जुने कागद दुरुस्त करायचा. फाटलेले नकाशे, वाळवीने खाल्लेली दप्तरं, घड्या पडून चिरलेली पत्रं. कागद दिवसभर बोटांतलं तेल शोषून घेतो, म्हणून बोटं कोरडी. कोरडी, म्हणून फरक कमी. तिचा तर्क सरळ होता. दुसऱ्या बुधवारी तिने त्याला मलमाची नळी आणून दिली. तिसऱ्या बुधवारी फरक आला सहा. चौथ्या बुधवारीही सहा.

"मलम लावता ना?"

"लावतो की."

"खरं सांगा."

त्याने उजव्या हाताची करंगळी पुढे केली. "कागदाला तेलाचा डाग पडला तर तो जन्मभराचा. चार बोटं मला कामाला लागतात. ही एकटी बिनकामाची आहे. म्हणून हिला लावतो, दिवसातून तीनदा. आज मोजताना हीच ठेवली होती… तुमच्या लक्षात नाही आलं?"

तिने त्या करंगळीला हात लावून पाहिला, केवळ शास्त्रीय कारणासाठी. ती खरोखरच मऊ होती. बाकीच्या खडबडीत हातात पाहुणी आल्यासारखी.

"मग मऊ बोटाचाही फरक सहा कसा?" ती स्वतःशीच पुटपुटली.

"ते मला विचारू नका. मी फक्त करंगळीचा मालक."

या प्रश्नावर खरं तर तिने तिथेच थांबायला हवं होतं. तर्क चुकलाय, हे करंगळी सांगत होती. पण तो समोर बसून हसत होता, चहा निवत होता, आणि तिने वहीत नुसतं लिहिलं: पुन्हा पाहणे.

'पुन्हा पाहणे' हा तिचा स्वभाव होता. तिच्या तोंडी त्याचं रूप होतं 'बघू'. नवी खुर्ची घ्यायची का? बघू. सुट्टीत कुठे जायचं? बघू. ती आत्याकडे राहायची. आत्या निवृत्त परिचारिका, बोलायला सडेतोड. "तुझ्या 'बघू'ला एक वेगळी खोली काढून द्यायला हवी," आत्या म्हणायची. "घरात आपल्याला जागा उरली नाही गं."

सातव्या बुधवारी पॅनेलाची जोडणी खोलून ठेवलेली होती, म्हणून तीच चौथ्या मजल्यावर गेली. लांबलचक टेबल, त्यावर शिशाची वजनं, खळीची वाटी, आणि मधोमध एक नकाशा. नकाशाला मधून चीर गेलेली होती. तो त्या चिरेवर झिरझिरीत कागदाची पट्टी ठेवत होता. त्याचा हात खाली येत होता, पण येतोय हे कळत नव्हतं. तिने नजर हलवली आणि परत आणली, तेव्हाच हात थोडा खाली गेलेला दिसला. आधी बोटाचं टोक टेकलं, मग सावकाश अख्खं पेर.

"इतकं हळू?"

"झटकन गेलं की हाताचा वारा लागतो. पट्टी उडते. कागदाला कळताच कामा नये, की कुणी येतंय."

"आणि उचलताना?"

"उचलताना मात्र चटकन." त्याने बोट उचलून दाखवलं. "रेंगाळलं तर खळीला चिकटतं, आणि सगळं फाटून वर येतं. यायचं हळू, जायचं पटकन. माझ्या गुरूंनी दोन वर्षं एवढंच शिकवलं."

"दोन वर्षं? मी कंटाळले असते."

"तू नसतीस कंटाळलीस. तू मोजत बसली असतीस."

ती हसली. त्याने 'तू' म्हटलं होतं, आणि तिला ते खटकलंही नव्हतं. त्याआधीही म्हटलं होतं का? तीही त्याला तू म्हणत होती का? बहुतेक म्हणत होती. 'तुम्ही'चं 'तू' नेमकं कुठल्या दिवशी झालं, याची तिच्या वहीत नोंद नव्हती. बोटांच्या खेपा लिहून ठेवणाऱ्या तिला याची तारीख माहीत नसावी, याचं तिला घरी जाताना जरा नवल वाटलं. मग ती ते विसरली.

अकराव्या बुधवारी तो मोजायला बसला, बोट ठेवलं, आणि काचेकडे पाहतच म्हणाला, "परवा जातोय मी. तीन आठवडे."

दूरच्या एका गावात जुन्या दप्तरांचं मोठं भांडार होतं. छत गळून तिथल्या जन्मनोंदी भिजल्या होत्या. त्या वाचवायला त्याला बोलावलं होतं.

"बरं," ती म्हणाली आणि फरक लिहिला. सहा.

"तिथे कायमची जागाही आहे. घ्यायची की नाही, ते एक तारखेच्या आत कळवायचंय."

तिची पेन्सिल थांबली.

"म्हणून… एक विचारायचं होतं. आधीच विचारलं असतं, पण तुला माहितीय, मला कुठेही हात न्यायला वेळ लागतो." त्याने काचेवरचं बोट उचललं. "आपण लग्न करायचं का? तू हो म्हणालीस तर कुठे राहायचं, काय करायचं, सगळं सुटेल. नाही म्हणालीस तरी मी समजेन. फक्त एक तारखेच्या आत सांग."

तिच्या मनात काय उठलं, ते तिला वाचता आलं नाही. काहीतरी उठलं होतं हे नक्की, पण किती? तिसाच्या वर? सलग चार वेळा? तो मुळी इतका सवयीचा होता, की तो असल्याने नेमकं काय होतं, हे वेगळं काढूनच दाखवता येईना.

"बघू," ती म्हणाली.

तो हसला. "रीडिंग परत घेणार?"

पण हसताना त्याने हात मांडीवर ओढून घेतला होता, ते तिने पाहिलं. जाताना तो जिन्याने गेला.

पुढचा बुधवार आला. तिने चाचणीची काच पुसली, शेजारी स्वच्छ फडकं ठेवलं, खुर्ची जरा तिरकी केली. त्याचे पाय लांब होते.

"सतरा नंबर गावाला गेलेत ना?" बाई म्हणाल्या.

"हो."

"मग कुणासाठी पुसतेयस?"

तिने फडक्याकडे पाहिलं. मग त्याची घडी घातली.

बाई खुर्ची ओढून बसल्या. "हे बघ. रुग्णालयाला याच आठवड्यात पॅनेल द्यायचंय. सोळा जण उत्तम कळतात. एकासाठी किती अडायचं? काढून टाक त्याला यादीतून."

"यादीतून काढू?" तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा चढा निघाला. "बाई, तो आहे. त्याचं बोट आहे. आपल्याला कळत नाही, ही आपली चूक."

"शुक्रवारपर्यंत शोध मग," बाई म्हणाल्या, आणि उठताना अगदी हळू पुढे म्हणाल्या, "चूक. दोन्हीकडची."

संध्याकाळी आत्या भाजी निवडत बसली होती. ती समोर जाऊन बसली आणि शेंगा मोडू लागली.

"त्या भांडारात म्हणे ओल अजून उतरली नाही," ती म्हणाली.

"बारा," आत्या म्हणाली.

"काय बारा?"

"तो इथे होता तेव्हा तीन महिन्यांत त्याचा विषय तू दोनदा काढलास. तो गेल्यापासून ही बारावी वेळ."

"मोजलंस?"

"तुझी आत्या आहे मी." आत्याने तिच्या हातून शेंगा काढून घेतल्या, कारण ती देठांच्या ढिगात दाणे टाकत होती. "अगं, माझ्या वॉर्डात एक म्हातारी होती. दुपारभर माझा हात धरून बसायची. पहिली पाच मिनिटं कळायचं, हात धरलाय. मग कळेनासं व्हायचं. आपलाच हात असल्यासारखा. तिला झोप लागली की हात सुटायचा, आणि मग एकदम गार वाटायचं. धरलाय हे कधी कळायचं? सुटला की."

ती उठली.

"कुठे निघालीस? बस, जेवायचंय."

"काही नाही. उद्या लवकर जाते."

सकाळी कचेरीत ती पहिली पोचली. कोट न काढताच तिने आजवरच्या सगळ्या बुधवारांच्या नोंदी उघडल्या. ती आजवर छापील कागदावर एकच गोष्ट पाहत आली होती: फरक. रिकाम्या काचेच्या खेपांतून आत्ताच्या खेपा वजा केल्या की उरतो तो फरक. पण 'रिकामी काच' हा आकडा कायमचा नसतो. हवा दमट झाली, काच तापली, की तो सरकतो. म्हणून सर्किट सतत पाहत राहतं आणि हळूहळू होणारा बदल रिकामेपणातच धरत जातं. पॅनेल नवं असताना एका दमट पंधरवड्यात आपोआप दिवे लागू लागले होते, तेव्हा तिनेच हा बदल धरण्याचा वेग वाढवला होता. आणि उणे आकडे? ते ती छापतच नसे. काचेवर 'कुणीही नसल्यापेक्षा कमी' असं काही असूच शकत नाही; उणे म्हणजे गोंगाट. तशी एक ओळ तिने लिहून ठेवली होती: उणे आलं, तर शून्य छापा.

तिने ती ओळ खोडली. ग्राफ पुन्हा काढला.

सतरा नंबरचं बोट येत होतं. हळू, कागदाला कळू नये असं. खेपा उतरत होत्या: दहा, वीस, चाळीस, अठ्ठावन्न. कोरडं कसलं? चांगलं भरभक्कम बोट होतं ते. पण त्याच्या पावलाला पाऊल लावून रिकामेपणाची रेघही उतरत होती. त्याला वारा समजून, बदललेली हवा समजून, सर्किट त्याला स्वतःत मिसळून घेत होतं. दोन रेघांमध्ये कधीच सातापेक्षा जास्त अंतर पडलं नव्हतं. बोट टेकून राहिलं, की अंतर शून्य. जणू तो पहिल्यापासून तिथेच होता.

आणि मग बोट उचललं जायचं. झटकन.

आला तेव्हा सात. गेला तेव्हा उणे अठ्ठावन्न.

मोजलेल्या दहाच्या दहा बुधवारी, प्रत्येक वेळी, ग्राफमध्ये एक खोल दरी होती, आणि तिने ती स्वतःच्या हाताने पुसलेली होती.

बाई आल्या तेव्हा ती कोट घालूनच बसलेली होती. "सापडलं?" बाईंनी विचारलं. तिने मान हलवली. डोळे का पुसतेयस, हे बाईंनी विचारलं नाही. बाई शहाण्या होत्या.

दुरुस्ती दोन दिवसांत झाली. आजारी माणसाचा हातही सरकत सरकतच येतो, असं आत्याने सांगितलं, तेव्हा आत्यालाच अठरा नंबर करून तिने तेही तपासलं. लिफ्टमध्ये नवं सर्किट बसलं, रुग्णालयाचं पॅनेल शुक्रवारी गेलं. राहिला एक प्रश्न. तिचा नियम नियमच होता, म्हणून पुढच्या आठवड्यात तिने तोही पाळला: सलग चार सकाळी उठल्याउठल्या, चहाच्या आधी, स्वतःला एकच गोष्ट विचारली, तो नाही तर किती रिकामं वाटतंय, आणि उत्तर वहीत सतराच्या ओळीपुढे लिहिलं. चारही आकडे उणे होते. आणि चारही अठ्ठावन्नाच्या पार खाली.

एकोणतीस तारखेला त्याचा निरोप आला. 'उद्या येतोय. त्यांना काय कळवू?'

तिने उत्तर लिहायला घेतलं. 'ब' टाइप होताच फोनने स्वतःहून पुढे केलं: बघू. फोनही तिला ओळखून होता. तिने ते खोडलं आणि लिहिलं, 'आधी लिफ्टपाशी ये. अकरा वाजता.'

तीस तारखेला बारीक भुरभुर होती. तो बॅग घेऊन आला, केस ओले, चेहरा प्रवासाने उतरलेला. ती लिफ्टच्या आत उभी होती, दार धरून.

"आलास?"

"आलो." तो आत आला. दार मिटलं. लिफ्ट जागची हलली नाही, हलणार कशी?

"दाब ना," ती म्हणाली.

"मी? माझं आणि हिचं पटत नाही, माहितीय तुला."

"दाब तर. तुझ्या पद्धतीने."

त्याने बोट पुढे नेलं. हळू. ती मोजत होती, पण या वेळी आकडे तिच्या छातीत वाजत होते. बोट काचेपाशी आलं, टोक टेकतंय न टेकतंय, तोच चारचा हिरवा दिवा लागला.

त्याने दचकून हात मागे घेतला. "अजून नीट टेकलोही नाही!"

"आता टेकायच्या आधीच कळतं तिला."

"कसं काय?"

लिफ्ट वर निघाली. ती दिव्याकडे पाहत बोलत राहिली, कारण त्याच्याकडे पाहून हे बोलता आलं नसतं. "चूक तुझ्या बोटाची नव्हती. तू इतका हळू यायचास, की सर्किटला वाटायचं, हवाच बदलतेय. तुला धरूनच ते शून्य मानायला लागायचं."

"म्हणजे मी नापास नव्हतो?"

"नाही. तू पूर्ण अठ्ठावन्न होतास. पहिल्या दिवसापासून."

"मग कळलं कसं शेवटी?"

"तू बोट उचललंस की आकडा खाली कोसळायचा. उणे अठ्ठावन्न. दर वेळी. मीच ते आकडे छापत नव्हते. मला वाटायचं, उणे म्हणजे काहीतरी चुकलंय."

दुसरा मजला गेला. त्याने बॅग खाली ठेवली.

"आपण लिफ्टबद्दल बोलतोय ना?" त्याने हळूच विचारलं.

"नाही."

तिसरा गेला. चौथा आला, दार उघडलं. समोर त्याची खोली होती, कुलूपबंद. तो उतरला नाही. दार थोडा वेळ थांबलं आणि आपणहून मिटलं.

मग त्याचा हात यायला लागला. त्याच्याच वेगाने, पट्टी उडू नये अशा बेताने. आधी करंगळी टेकली तिच्या तळहाताला. तीन आठवड्यांच्या ओल्या दप्तरांनंतरही ती एकटी मऊ होती.

"अजून लावतोस मलम?"

"सांगितलंयस ना तू."

तिने त्याचा हात धरला. उचलून घ्यायला वावच ठेवला नाही.

"उद्या एक तारीख आहे," तो म्हणाला. "त्यांना काय कळवू? तू म्हणशील तसं. बघू म्हणालीस तरी…"

"बघू," ती म्हणाली, आणि त्याचा चेहरा पडायच्या आत घाईघाईने पुढे म्हणाली, "राहायचं कुठे, ते बघू. इथे, तिथे, मधे कुठेतरी. तुझं भांडारही बघू. पण लग्न करायचं. मी आणि तू. ते ठरलं."